‘आरपार’ जाणारा लेझर आणि दिल्लीचं धुकं

विक्रेत्याने लेझर लिंकचं प्रात्यक्षिक दाखवलं ते ऑक्टोबरातल्या एका लख्ख दुपारी. दिल्लीजवळच्या आमच्या दोन इमारतींत किलोमीटरभर अंतर, मध्ये रेल्वेचे रूळ आणि खालून फायबर न्यायची परवानगी रखडलेली. धुक्याचं काय, हे मी लेखी विचारलं होतं. उत्तर आलं, “१५५० नॅनोमीटर आहे, धुक्यातून आरपार जातो.” तो ईमेल जपून ठेवला आहे.

जानेवारीत एका पहाटे लिंक पडली, ती ऊन चढेपर्यंत उठली नाही. फोनवर विक्रेत्याच्या माणसाचं एकच पालुपद: अलाइनमेंट तपासा. गच्चीवर गेलो तर समोरची इमारतच गायब. तपासायचं काय? विमानतळावर दृश्यमानता होती २०० मीटर.

ठोकताळा सोपा आहे. किलोमीटरमधल्या दृश्यमानतेने १३ ला भागलं की दर किलोमीटरला किती डेसिबल प्रकाश गळतो ते कळतं. २०० मीटरला ६५ डेसिबल, म्हणजे पलीकडे पोचतो तीस लाखांतला जेमतेम एक भाग.

१५५० नॅनोमीटरसारख्या लांब तरंगलांबीचा फायदा धुरकट हवेत खरा, कारण तिथले कण बारीक असतात. दाट धुक्याचे थेंब मात्र कित्येक मायक्रोनचे. ते आखूड आणि लांब अशा दोन्ही तरंगलांबींचा प्रकाश सारखाच विखुरतात. इझॅक किम आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्येच हे मांडलं होतं.

तंत्रात खोट नाही. अल्फाबेटच्या ‘तारा’ प्रकल्पाने २०२१ मध्ये काँगो नदीवरून, ब्राझाव्हिल ते किन्शासा, सुमारे ५ किलोमीटर लेझर नेऊन २० दिवसांत जवळपास ७०० टेराबाइट डेटा पाठवला. पण दिल्लीची हवा वेगळी. आमच्या विक्रेत्याने तिला ‘अपवादात्मक हवामान’ म्हटलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ २०१५ पासून दिल्लीच्या विमानतळावर ज्याच्या नोंदी घेताहेत, ते धुकं अपवाद कसं?

तेव्हा, घेणाऱ्यांनी सगळं लेखी घ्यावं. चाचणी हिवाळ्यातच मागावी. तुमच्या अंतराला किती डेसिबलची शिल्लक उरते, हा आकडा मागा. टाळाटाळ झाली तर उठून या. अंतर निम्मं करता आलं तर डेसिबलही निम्मे होतात. जोडीला ७०-८० गिगाहर्ट्झचा रेडिओ ठेवा. त्याला मुसळधार पाऊस छळतो, धुकं फारसं नाही. त्याच्या परवान्याची चौकशी मात्र आधी करा.

आणि ‘वर्षभरात ९९ टक्के वेळ लिंक चालू’ या आकड्याला भुलू नका. उरलेला एक टक्का म्हणजे ८७ तासांहून जास्त, आणि उत्तरेत ते बहुतेक डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेच वाट्याला येतात. करारात या दोन महिन्यांची हमी वेगळी लिहून घ्या आणि एक हिवाळा पार पडेपर्यंत शेवटचा हप्ता हातचा सोडू नका.