खोली-खोलीने भाडे : एक आर्थिक विचार

रिठदसारख्या गावात हाती चार पैसे आले, की पूर्वी माणूस शेत घेई किंवा विहीर खोदी. आता आणखी एक मार्ग पुढे आला आहे. रिसोडला अथवा वाशीमला प्लॉट घ्यायचा, त्यावर ओळीने पाच-सहा खोल्या काढायच्या आणि शिकायला आलेल्या मुलांना त्या एकेक करून भाड्याने द्यायच्या. नळ, संडास आणि अंगण मात्र सर्वांचे मिळून एकच. या गुंतवणुकीत फायदा किती आणि तो कशावर टिकतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. समजा, सहा खोल्यांचे घर एकाच कुटुंबाला दिल्यास महिना ६,००० रुपये मिळतात आणि खोली-खोलीने दिल्यास प्रत्येकी १,५०० प्रमाणे ९,०००. वर्षाकाठी एकीकडे ७२,००० आणि दुसरीकडे १,०८,०००. उत्पन्न दीडपट दिसते! परंतु परीक्षा आटोपली, की मुले गावी जातात. खोल्या दोन महिने रिकाम्या राहिल्या तर ९०,००० उरतात. पाणी, वीज, संडासाची सफाई, रंगरंगोटी व कर यांसाठी ३० टक्के काढले, तर हाती ६३,००० येतात. कुटुंबाच्या बाबतीत हा खर्च १० टक्के धरला, तर ६४,८०० राहतात. याचा अर्थ असा, की जादा भाडे हा नफा नसून बहुतांशी देखभालीचा मोबदला होय. मालकाने देखभालच टाळली, तर मात्र २७,००० रुपये वाचल्यासारखे वाटतात. मोह पडतो तो इथेच.

हा मोह कोठे नेतो, ते मुंबईच्या चाळींच्या इतिहासात दिसते. गिरण्या वाढल्या, तशा खाजगी मालकांनी एकेका खोलीच्या चाळी उभारल्या. १८९६ च्या प्लेगने त्यांतील दाटी व अस्वच्छता चव्हाट्यावर आणली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढे १९२० च्या दशकात सरकारी विकास खात्याने नायगाव, वरळी, शिवडी व डिलाईल रोड येथे २०७ बी.डी.डी. चाळी बांधल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तरीही वरळीच्या कित्येक खोल्या प्रारंभी रिकाम्या राहिल्या, कारण कामगाराला त्या गिरणीपासून लांब पडत. नुसती खोली विकली जात नाही. ती कामाच्या वा शाळेच्या जवळ लागते.

यानंतर कायदा आला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठविली. भाडेकरूंना आधार मिळाला, पण महागाई वाढत गेली तसा त्या भाड्यात दुरुस्तीचा खर्च निघेना. मालकांनी अंग काढून घेतले, पागडी फोफावली आणि १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्या विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेश होता. त्यानुसार भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी नियंत्रकाची परवानगी लागे.

सध्याचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा असून तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्यात भाडे दरसाल ४ टक्क्यांनी वाढविण्याची मुभा आहे. करार लेखी करून त्याची नोंदणी करणे ही जबाबदारी घरमालकाची आहे. तसे न केल्यास, वादाच्या वेळी भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. "घरचाच मुलगा आहे, कागद कशाला?" असे म्हणणाऱ्या मालकाने हे ध्यानात ठेवावे.

तात्पर्य, खोलीला भाडेकरू असतो. जिना, नळ व संडास यांना कोणीच नसतो. ज्यावर सर्वांचा हक्क, त्याकडे लक्ष कोणाचेच नाही, अशी स्थिती होते आणि घराचा ऱ्हास तेथूनच सुरू होतो. म्हणून गुंतवणूक करणाऱ्याने दर महिन्याच्या भाड्यातील ठरावीक हिस्सा सामाईक भागासाठी वेगळ्या वहीत मांडावा. प्राप्तिकराचा कायदादेखील घरभाड्याच्या उत्पन्नातून, नगरपालिकेचा कर वजा जाता, ३० टक्के सरसकट वजावट देतो. आणि आपण विद्यार्थ्यांनी खोली पाहायला जाताना भिंतींचा रंग नंतर पाहावा. आधी नळाला पाणी किती वेळ असते आणि संडास कोण धुतो, ते विचारावे.