भविष्यवादी हाग्गय

वाचनपाठ : हाग्गय, अध्याय 1 व 2, एज्रा, अध्याय 5 व 6.
पाठांतराकरिता : हाग्गय 2:4.

बारा लघु भविष्यवाद्यांच्या ग्रंथांत हाग्गयाचा ग्रंथ फारच आटोपशीर आहे. अध्याय दोन आणि वचने अवघी 38. हाग्गयाच्या पित्याचे नाव, त्याचे गाव, त्याचा धंदा ह्यांविषयी शास्त्रात एक शब्दही नाही. त्याच्या नावात ‘सण’ ह्या अर्थाचा इब्री शब्द आहे, एवढेच सांगता येते. परंतु त्याने कोणत्या महिन्यात व कोणत्या तिथीस संदेश दिला, ह्याची नोंद मात्र काटेकोर आहे. इ. स. पूर्वी 520 ह्या वर्षी, ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, तो आपणांस दिसतो. ह्या चार महिन्यांत कित्येक वर्षे बंद पडलेले एक काम पुन्हा सुरू झाले.

काळ व प्रसंग

बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर ह्याच्या सैन्याने इ. स. पूर्वी 586 च्या सुमारास यरुशलेमातील शलमोनाचे मंदिर जाळले व लोकांस धरून नेले. पुढे पारसाचा राजा कोरेश ह्याने बाबेल जिंकले आणि इ. स. पूर्वी 538 मध्ये यहूद्यांस स्वदेशी जाऊन मंदिर बांधण्याची मोकळीक दिली. परत आलेल्यांची संख्या एज्राच्या पुस्तकात 42,360 अशी दिली आहे. त्यांनी प्रथम वेदी उभारली व मंदिराचा पाया घातला. तोच शेजारच्या लोकांनी विरोध केला आणि काम थांबले. हे थांबणे सुमारे 16 वर्षे टिकले.

विरोध हे काम थांबण्याचे कारण होते. पण ते थांबलेलेच राहण्याचे कारण निराळे होते. लोक म्हणू लागले की, मंदिराची वेळ अजून आली नाही. कोणी नकार दिला नाही, कोणी देवाची निंदा केली नाही. केवळ ‘पुढे पाहू’ असे म्हटले. मात्र स्वतःच्या घरांस तक्तपोशी करण्याची वेळ त्यांस सापडली होती.

चार संदेश

पहिला संदेश सहाव्या महिन्याच्या प्रतिपदेस झाला. सुभेदार जरुब्बाबेल व मुख्य याजक यहोशवा ह्यांच्या समक्ष हाग्गयाने लोकांस आपल्या मार्गांचा विचार करावयास सांगितले. पेरणी पुष्कळ, पण पीक थोडे. वस्त्र आहे, पण ऊब नाही. मजुरी मिळते, पण ती भोके पडलेल्या पिशवीत टाकल्यासारखी नाहीशी होते. मूळ इब्री भाषेत ओसाड मंदिराकरिता ‘हारेब’ व अवर्षणाकरिता ‘होरेब’ असे जुळे शब्द त्याने योजले आहेत. ऐकणाऱ्यांच्या कानांस त्यांचा संबंध तत्काळ उमगला असेल.

आता त्याने मागितले काय, ते पाहा. सोने मागितले नाही. शलमोनाने लबानोनाहून गंधसरू आणविले होते. हाग्गयाने तेही मागितले नाही. डोंगरावर चढा, लाकूड आणा व मंदिर बांधा, एवढेच तो म्हणाला. डोंगर जवळ होता, आणि कुऱ्हाड व खांदे त्यांच्यापाशी होते. 24 व्या तिथीस, म्हणजे चौथ्या आठवड्यात, कामास हात लागला.

दुसरा संदेश सातव्या महिन्याच्या 21 व्या तिथीस, मांडवांच्या सणाच्या सातव्या दिवशी झाला. शलमोनाने आपल्या मंदिराचे समर्पण ह्याच महिन्यातील सणात केले होते. जुने मंदिर पाहिलेले काही वृद्ध अद्याप हयात असतील, तर त्यांची वये सत्तरीच्या घरात असणार. त्यांच्या दृष्टीने नवे काम म्हणजे काहीच नव्हते. वृद्धांचा उसासा तरुणांचे हात गाळून टाकतो. म्हणून हाग्गयाने सुभेदार, याजक व सर्व लोक ह्या तिघांस निरनिराळे संबोधून धीर धरावयास व काम करावयास सांगितले. रुपे व सोने देवाचेच आहे आणि तो तुम्हांबरोबर आहे, हे त्याने त्यांस कळविले.

तिसरा संदेश नवव्या महिन्याच्या 24 व्या तिथीचा आहे. हाग्गयाने याजकांस दोन प्रश्न विचारले. पवित्र मांस बांधलेल्या पदराचा स्पर्श अन्य पदार्थास झाला, तर तो पदार्थ पवित्र होतो काय? याजक म्हणाले, नाही. प्रेताने विटाळलेल्या मनुष्याच्या स्पर्शाने पदार्थ अशुद्ध होतो काय? ते म्हणाले, होय. शेतकऱ्यांस हे समजण्यास अडचण नाही. अढीत एक नासका आंबा राहिला तर शेजारचे आंबे नासतात. पण चांगल्या आंब्यांच्या शेजाराने नासका सुधारत नाही. तात्पर्य, मंदिराच्या दगडांस हात लावल्याने अंतःकरण आपोआप शुद्ध होत नाही.

चौथा संदेश त्याच दिवशी एकट्या जरुब्बाबेलास झाला. त्याचा आजा यहोयाखीन ह्याच्याविषयी यिर्मयाने सांगितले होते की, तो हातातील मुद्रा असता तरी देव त्याला उपटून टाकील. आता त्याच घराण्यातील पुरुषास देव आपल्या मुद्रेसारखा करणार होता. जरुब्बाबेल राजा झाल्याचे कोठेही लिहिलेले नाही. पण मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील वंशावळीत त्याचे नाव आहे.

एक शंका

हा पाठ शिकविताना उपदेशक बंधूंनी एके ठिकाणी फार जपावे. हाग्गयाने दुष्काळाचा संबंध लोकांच्या हयगयीशी जोडला. म्हणून ज्याचे पीक बुडाले त्याने देवास काही कमी दिले असेल, असे म्हणावे काय? तसे कदापि म्हणू नये. हाग्गयास तो अर्थ देवाने कळविला होता. शेजाऱ्याच्या नापिकीचा अर्थ सांगण्याचा अधिकार आपणांस मिळालेला नाही. ईयोबाचे मित्र असाच अर्थ सांगत बसले आणि देवाने त्यांस दोष दिला. जन्मांधाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न केला, तेव्हा प्रभूने तो बाजूस सारला. हबक्कूक तर वेलीस फळ व गोठ्यात गुरे नसतानाही आनंद करण्याचा निश्चय करतो.

शिवाय ग्रंथातील क्रम पाहा. लोकांनी वचन मानले तेव्हा त्यांस पहिले अभिवचन मिळाले ते पावसाचे नव्हे, तर देवाच्या सान्निध्याचे. पिकाच्या आशीर्वादाची गोष्ट तीन महिन्यांनंतर निघाली. आणि तीही कोणत्या वेळी? डिसेंबरात, जेव्हा कोठारात बी नव्हते आणि द्राक्षवेल, अंजीर, डाळिंब व जैतून ह्यांस फळ आले नव्हते. बी मातीखाली असताना ते वचन त्यांनी केवळ विश्वासाने घेतले. ज्याचे घर उपाशी आहे त्याला हाग्गयाचे नाव घेऊन धमकावणे म्हणजे हाग्गयास उलटा वाचणे होय.

शेवट काय झाला

काम सुरू झाल्यावर प्रांताचा अधिकारी चौकशीस आला. पत्रे गेली, दप्तर शोधले गेले, कोरेशाचा जुना हुकूम सापडला, आणि दारयावेश राजाने प्रांताच्या करातून खर्च देण्याची आज्ञा केली. सरकारी साहाय्य आले ते लाकूड आणल्यानंतर. साहाय्याची वाट पाहत ते बसले असते, तर हुकूम दप्तरातच राहिला असता. इ. स. पूर्वी 515 मध्ये मंदिर पुरे झाले. पुढे हेरोदाने ज्याचा विस्तार केला व ज्यात प्रभू येशू शिकवीत असे, ते ह्याच मंदिराचे स्थान. इ. स. 70 मध्ये रोमी सैन्याने ते पाडले. परंतु देव तुम्हांबरोबर आहे हा हाग्गयाचा शब्द मंदिराच्या भिंतींवर अवलंबून नव्हता.

ज्या मंडळीचे छप्पर गळते, ज्या गावातील रात्रीची शाळा बंद पडली आहे, तिने प्रथम दूरच्या लबानोनाकडे पाहू नये. जवळच्या डोंगराकडे पाहावे.

विचाराकरिता प्रश्न

1. ‘वेळ अजून आली नाही’ असे लोक का म्हणत होते?
2. हाग्गयाने लोकांजवळ काय मागितले व काय मागितले नाही?
3. दुःखात असलेल्या बंधूस हा पाठ कसा सांगावा?
4. आपल्या मंडळीचे कोणते काम थांबलेले आहे? त्यासाठी ह्या आठवड्यात कोण काय आणील?