रतामाच्या झुडपाखाली एलीया

पाठ : १ राजे, अध्याय १८ व १९.

वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीच्या बाजूस राहणाऱ्या आमच्या वाचकांनी रामनवमीची यात्रा पाहिलीच असेल. दूरदूरच्या तांड्यांतून बंजारा लोक सेवालाल महाराजांच्या समाधीपाशी जमतात. विखुरलेले लोक एका पुरुषाच्या स्मरणाने कसे एकत्र राहतात, हे तेथे दिसते. आपल्याच महाराष्ट्रात, कोकणपट्टीस, दुसऱ्या एका लोकांनी शास्त्रातील एलीयाचे नाव असेच धरून ठेविले आहे. ते बेने इस्राएल होत.

त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागेजवळ नवगाव येथे फुटलेल्या गलबतातून वाचले. सात पुरुष व सात स्त्रिया. ग्रंथ गेले, भाषा गेली. शब्बाथ, सुंता व ‘शमा’ ही प्रार्थना मात्र राहिली. ते तेल गाळीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस शनिवार तेली म्हणत. नवस फेडताना, लग्नाच्या आधी, नव्या घरात जाताना ते गोड पोहे, खोबरे व फळे ह्यांचा मलिदा ताटात मांडून एलीयाचे नाव घेतात. अलिबागेजवळच्या खंडाळ्यास खडकावरील खुणा त्याच्या घोड्याच्या टापांच्या, अशी त्यांची समजूत आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनच्या व डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळांतून त्यांची मुले शिकली. विल्सनसाहेबांनी १८३२ साली मराठीत इब्री व्याकरण छापिले. ख्रिस्ती मात्र त्यांतील फारच थोडे झाले, हेही सांगितले पाहिजे.

आता पाठाकडे वळू. कर्मेलावर अग्नी उतरला. आणि ईजबेलीचा एक निरोप येताच तोच एलीया बैर-शेबाकडे पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला व मरण मागू लागला. येथे त्याचा विश्वास ढळला काय? पुष्कळ उपदेशक होय म्हणून पुढे जातात. यहूदी शास्त्री अधिक बारकाईने पाहतात. ‘मेखिल्ता’ ह्या प्राचीन भाष्यात असा विचार आहे की, यिर्मयाने पित्याचा व पुत्राचा, म्हणजे देवाचा व इस्राएलाचा, मान राखिला. योनाने पुत्राचा राखिला, पित्याचा नव्हे. आणि एलीयाने पित्याचा राखिला, पण पुत्राचा राखिला नाही. म्हणजे त्याचा संशय देवाविषयी नव्हता, लोकांविषयी होता. होरेबावर वारा, भूमिकंप व अग्नी ह्यांच्या आधी जे उत्तर त्याने दिले, तेच मंद वाणीनंतरही शब्दशः दिले (वचने १० व १४ ताडून पाहावीत): सर्वांनी करार सोडला, मी एकटा उरलो. तेव्हा आपल्या जागी अलीशाला अभिषेक करण्याची आज्ञा त्याला झाली. भाष्यकार ह्याला त्याच्या सेवेची समाप्ती समजतात.

‘पिर्के रब्बी एलिएझर’ नावाच्या पुढील काळातील ग्रंथात हीच गोष्ट आणखी पुढे नेली आहे. ज्याने लोकांनी करार मोडिला अशी फिर्याद केली, त्याने आता प्रत्येक सुंतेच्या वेळी हजर राहून करार पाळला जात असल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असे देवाने ठरविले. म्हणून सुंतेच्या वेळी एलीयासाठी आसन मांडितात. बेने इस्राएलांच्या सभास्थानांतही असे आसन असते. ही कथा शास्त्रातील नव्हे, हे आमच्या शिक्षकांनी वर्गात स्पष्ट सांगावे. तरी ती आम्हांस फार मार्मिक वाटते. शिक्षा म्हणावी तर ती शिक्षा आहे, आणि सांत्वन म्हणावे तर सांत्वनही आहे.

लोकांविषयी असा संशय बेने इस्राएलांच्याही वाट्यास आला. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएल देशी गेले. तेथे काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांविषयी शंका काढिली, आणि १९६४ साली तेथील सरकारने ते सर्व बाबतींत यहूदीच आहेत असे जाहीर केल्यावर हा वाद निवळला. ग्रंथांवाचून ज्यांनी शतकानुशतके शनिवार पाळिला, त्यांस विचारणारे मात्र ग्रंथ जाणणारे होते.

गावोगाव एकटे काम करणाऱ्या आमच्या कॅटेकिस्ट बंधूंस एलीयाचे उत्तर परिचयाचे असेल. रविवारी पाच माणसे येतात, सणाला जुन्या चाली पुन्हा दिसतात, आणि मनात येते की येथे मी एकटाच. देवाने एलीयास आधी भाकर दिली, झोप दिली, पुन्हा भाकर दिली. दोष नंतर दाखविला. मग सात हजारांचा आकडा सांगितला (वचन १८). त्या सात हजारांपैकी एकाचेही नाव एलीयास ठाऊक नव्हते. वर्गात हे विचारावे : ते कोठे राहत होते, आणि एलीयास ते का दिसले नाहीत?