बिऱ्हाड हलवताना विशेष मुलाची शाळा

नागपूरच्या एका वाचक ताईंचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांची लेक आणि जावई अमेरिकेत, न्यू जर्सीत राहतात. नातू सात वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. तिथल्या सरकारी शाळेत त्याला स्पीच थेरपी आणि वर्गात सोबत बसणारी मदतनीस मिळते. आता जावयांची बदली टेक्सासला, डॅलसजवळ झाली आहे. ताई लिहितात, 'तिकडे अशा मुलांसाठी कोणते स्कूल डिस्ट्रिक्ट चांगले, तेवढे नाव कळवा. लेक रात्र रात्र जागून शोधते आहे.'

असे प्रश्न आम्हाला फोनवरही येतात. आपल्यातील पुष्कळ घरांची मुले आता तिकडे नोकरीला आहेत, आणि तिथल्या नोकरीत दोन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलवणे नेहमीचेच. म्हणून या महिन्याचे आरोग्याचे पान या विषयाला देत आहोत. डिस्ट्रिक्टचे नाव मात्र आम्ही कळवणार नाही. का, ते आमच्याच चुकीवरून सांगतो.

आम्ही दोघे काही वर्षे अमेरिकेत होतो. आमची मुलगी तोंडाने बोलत नाही. सहा वर्षांची होईपर्यंत ती टॅबलेटवरच्या चित्रांना बोट लावून बोलायला शिकली होती. पाणी, नको, आई, दुखते. मग आम्ही राज्य बदलले. घर शोधताना जाहिरातीत शाळेपुढे दहापैकी नऊ असा आकडा दिसला आणि आम्ही भाडेकरार केला. निघण्याच्या आदल्या आठवड्यात जुन्या शाळेने टॅबलेट परत मागितला. तो शाळेच्या मालकीचा होता. नव्या शाळेत गेलो तर 'आधी आमची तपासणी होऊ द्या, मग सेवांचे पाहू' असे तोंडी उत्तर मिळाले. आम्हीही तोंडीच विचारत राहिलो. सहा आठवडे पोरीजवळ 'दुखते' म्हणायला काही नव्हते. तिसऱ्या आठवड्यात ती वर्गात कानावर हात मारून घेऊन रडू लागली. शाळेने त्याची नोंद 'वर्तनाची समस्या' अशी केली. कान फुटला होता, हे उशीवर डाग दिसला तेव्हा आम्हाला कळले.

नव्या शाळेचे ते 'आधी तपासणी, मग सेवा' कायद्याला धरून नव्हते, हेही पुढेच समजले. तेव्हा आधी कायदा पाहू.

अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा १९७५ साली झाला. त्याआधी अशा असंख्य मुलांना शाळा सरळ दार बंद करत असत. १९९० पासून हा कायदा 'आयडिया' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. तीन वर्षांपासून साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत पात्र मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे शिक्षण आणि थेरपी सरकारी शाळेने फुकट द्यायची आहे. आईवडील कोणत्या व्हिसावर आहेत, याचा त्याच्याशी संबंध नाही. प्रत्येक पात्र मुलासाठी एक लेखी आराखडा होतो, त्याला आयईपी म्हणतात. कोणती थेरपी, आठवड्याला किती मिनिटे, कोणत्या वर्गात, कोणाची मदत, वर्षाअखेर मुलाला काय यायला हवे, हे सगळे त्यात असते. वर्षातून एकदा तरी त्याचा फेरविचार होतो. २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, कोलोरॅडोतील एका स्वमग्न मुलाच्या खटल्यात, नावापुरती प्रगती पुरेशी नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती व्हावी असाच आराखडा हवा, असे एकमताने सांगितले.

बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठी या कायद्यात खास तरतूद आहे. चालू शैक्षणिक वर्षात आयईपी असलेले मूल नव्या डिस्ट्रिक्टमध्ये आले, तर त्या शाळेने जुन्या आराखड्याशी तुल्य अशा सेवा लगेच सुरू करायच्या. राज्य तेच असेल तर शाळा जुना आराखडा स्वीकारेपर्यंत किंवा नवा करेपर्यंत. राज्य बदलले असेल तर नवी शाळा पुन्हा तपासणी करू शकते, पण सेवा त्या दरम्यान चालूच राहायला हव्यात. तुल्य म्हणजे हुबेहूब तशाच नव्हेत. तीच थेरपिस्ट, तेच वेळापत्रक मिळणार नाही. पण आठवड्याला साठ मिनिटांची थेरपी शून्यावर येऊ शकत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलेल्यांना दुसरा नियम उपयोगी पडतो. शाळेचे वर्ष सुरू होते त्या दिवशी डिस्ट्रिक्टमधील प्रत्येक पात्र मुलाचा आयईपी लागू असला पाहिजे. त्यामुळे घर मिळताच नाव घालावे, शाळा उघडण्याची वाट पाहू नये.

आता डिस्ट्रिक्टच्या चांगले-वाईटपणाकडे वळू. तो एक ते दहाचा आकडा बहुतांशी परीक्षेच्या गुणांवर उभा असतो. स्पीच थेरपिस्टची जागा आठ महिने रिकामी आहे, हे त्यात कुठेच दिसत नाही. शिवाय एका डिस्ट्रिक्टमध्ये अनेक शाळा असतात आणि विशेष वर्ग त्यातल्या एखाद्याच इमारतीत असतो. घरासमोरच्या सुंदर शाळेकडे पाहून आपण घर घ्यावे आणि मूल मात्र बसने पाऊण तास दूर जावे, असे होते. म्हणून नाव विचारण्यापेक्षा आपल्या मुलाचा आयईपी समोर ठेवून त्यातली एकेक ओळ तिथे कोण पार पाडणार, हे विचारावे. डिस्ट्रिक्टच्या विशेष शिक्षण विभागाला ईमेल करावा. मुलाचे नाव देण्याचीही गरज नाही. अशा गरजेच्या सात वर्षांच्या मुलासाठी वर्ग कोणत्या इमारतीत आहे? वर्गात मुले किती आणि मोठी माणसे किती? थेरपिस्ट तुमच्या पगारावर आहेत की कंत्राटी, आणि आज किती जागा रिकाम्या आहेत? बोलण्याचे साधन शाळा देते का, ते घरी नेता येते का? उन्हाळ्यात सेवा चालू ठेवायच्या की नाही, हे कसे ठरवता? आमच्या मते यातला रिकाम्या जागांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याला सरळ उत्तर देणारे कार्यालय पुढेही सरळ वागण्याची शक्यता जास्त.

प्रत्येक राज्याला आपल्या डिस्ट्रिक्टांची विशेष शिक्षणातील कामगिरी दरवर्षी जाहीर करावी लागते. त्यात एक आकडा बघण्यासारखा असतो : किती टक्के अपंग मुले दिवसाचा ८० टक्के किंवा अधिक वेळ सर्वसाधारण वर्गात असतात. फार कमी असेल तर मुलांना वेगळे काढण्याची सवय आहे असे समजावे. जास्त असेल तर वर्गात मदतीला माणूस देतात का, हे विचारावे. नाहीतर मूल वर्गात नुसते बसवलेले असते. डिस्ट्रिक्टमधल्या आईवडिलांचे गटही शोधावेत. न्यू जर्सीत असा गट प्रत्येक डिस्ट्रिक्टला ठेवावाच लागतो. प्रत्येक राज्यात केंद्राच्या पैशांवर चालणारे पालक केंद्रही किमान एक असते. न्यू जर्सीत स्पॅन, टेक्सासमध्ये पार्टनर्स रिसोर्स नेटवर्क. सल्ला फुकट असतो. वकिलाकडे जाण्याआधी इथे फोन करावा.

पत्त्याची गंमत सांगायला हवी, कारण यात हुशार माणसेही फसतात. गावाची हद्द आणि डिस्ट्रिक्टची हद्द एक नसते. डॅलसजवळच्या फ्रिस्को शहरात आपली बरीच मराठी घरे आहेत. पण त्या शहरातली सगळी घरे फ्रिस्कोच्या डिस्ट्रिक्टमध्ये येत नाहीत. काही प्रॉस्परच्या, काही लुईसव्हिलच्या, काही लिटल एल्मच्या डिस्ट्रिक्टमध्ये मोडतात. न्यू जर्सीतही पत्त्यात प्रिन्स्टन लिहिलेली कितीतरी घरे शेजारच्या गावांच्या शाळांना जोडलेली आहेत. दलालाच्या शब्दावर जाऊ नये. भाडेकरारावर सही करण्याआधी घर क्रमांकासकट पत्ता डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाकडून तपासून घ्यावा.

टेक्सासबद्दल ताईंच्या लेकीला एक इतिहास माहीत असावा. २००४ पासून तिथल्या शिक्षण खात्याने प्रत्येक डिस्ट्रिक्टमधील विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांचे प्रमाण ८.५ टक्क्यांशी ताडून पाहायला सुरुवात केली. परिणामी अनेक ठिकाणी गरजू मुलांना दारातूनच परतवले गेले. २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या वृत्तपत्राने हे उघड केले, २०१७ मध्ये राज्याच्या कायद्याने अशी मर्यादा घालायला बंदी केली आणि २०१८ च्या जानेवारीत केंद्रीय शिक्षण विभागाने राज्याने कायदा मोडल्याचा निष्कर्ष दिला. मर्यादा आता नाही. तरी आपली मागणी कागदावर असावी. तिथे आयईपीची बैठक 'एआरडी' या नावाने होते, नाव वेगळे म्हणून गोंधळू नये. आणखी एक फरक. न्यू जर्सीत जास्त गरजेच्या मुलांना डिस्ट्रिक्टच्या खर्चाने बाहेरच्या विशेष शाळेत पाठवण्याची वाट बरीच रुळलेली आहे, टेक्सासमध्ये तसे फार कमी होते. नातू सध्या अशा शाळेत नाही, त्यामुळे त्याला फारसा धक्का बसू नये.

थेट भारतातून जाणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांचे निदान कितीही पक्के असले तरी तो आयईपी नव्हे, म्हणून तुल्य सेवांची तरतूद लागू होत नाही. शाळेला स्वतःची तपासणी करावी लागते, आणि तिची लेखी विनंती आपण नाव घालतो त्याच दिवशी तारीख टाकून द्यावी. पुढची मुदत या कागदापासून आणि मग आपल्या लेखी संमतीपासून मोजली जाते. राज्याने स्वतःची मुदत ठरवली नसेल तर केंद्रीय नियम संमतीपासून ६० दिवसांचा आहे. इथल्या थेरपीचे सगळे अहवाल इंग्रजीत करून न्यावेत. बैठकीत दुभाषा मागण्याचा आईवडिलांना हक्क आहे. इंग्रजी येत असले तरी आपल्या मुलाबद्दल बोलताना गळा दाटतो, तेव्हा परकी भाषा सुचत नाही, हे आम्ही अनुभवले आहे. लाजू नये. मूल तीन वर्षांच्या आतले असेल तर त्याच्या सेवा शाळेच्या नव्हे, वेगळ्या राज्य योजनेतून मिळतात आणि पात्रतेचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, एवढे लक्षात ठेवावे.

औषधांचेही बघावे. फिट येणाऱ्या मुलाची औषधे शाळेत द्यायची तर नर्सला डॉक्टरांचा लेखी आदेश लागतो, जुन्या शाळेतला चालेलच असे नाही. एडीएचडीसाठी दिली जाणारी मिथाइलफेनिडेटसारखी औषधे कडक नियंत्रणाखाली असतात, प्रत्येक वेळी नवी चिठ्ठी लागते. नव्या गावी बालमेंदूतज्ज्ञांची वेळ मिळायला महिने जातात. म्हणून निघण्यापूर्वीच तिथली वेळ मागावी आणि जुन्या डॉक्टरांना मधल्या काळाची सोय विचारावी. लसीकरणाची नोंद हातातल्या पिशवीत असावी, सामानाच्या ट्रकमध्ये नको. आणि बोलण्याचे साधन कोणाच्या मालकीचे आहे, हे पहिले विचारावे. शाळेचे असेल तर त्यातील मुलाची चित्रे आणि शब्द फाइल करून मागून घ्यावेत. विम्यातून घेतलेले साधन आपले असते, ते मुलाबरोबर जाते. नवे मिळेपर्यंत चित्रांची साधी कागदी वही तरी करावी. आम्ही ती पाचव्या आठवड्यात केली, पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

ताईंनी पत्राच्या शेवटी हळूच विचारले आहे की लेकीला कोणीतरी 'घरी फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मुलगा गोंधळेल' असे सांगितले, मग मी फोनवर मराठी बोलू की नको? जरूर बोला. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांच्या बोलण्याची हानी होते असे संशोधनात आढळलेले नाही. नवे गाव, नवी शाळा, नवी माणसे असताना आजीचा ओळखीचा आवाज बदलू नये.

लेकीचे घर अजून ठरलेले नाही, ही चांगली गोष्ट आहे. तिने जुन्या शाळेकडून आयईपी, तपासणीचे अहवाल आणि प्रगतीच्या नोंदी यांची पूर्ण प्रत याच आठवड्यात ईमेलने मागावी. कागद द्यायला शाळेला ४५ दिवसांपर्यंत मुदत असते. न्यू जर्सीच्या शाळा जूनच्या उत्तरार्धात बंद होतात आणि मग तिथे फोन उचलायला माणूस सापडणे कठीण. टेक्सासच्या शाळा मात्र सप्टेंबरची वाट पाहत नाहीत, बहुतेक ऑगस्टच्या मध्यालाच उघडतात.