सहायकाला मुख्य प्रशिक्षक करावे काय?

दुसऱ्या सत्राच्या आरंभी आमच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक नोकरीनिमित्त सेलू सोडून गेले आणि जिमखाना समितीपुढे एक प्रश्न आला. तीन वर्षे त्यांच्या हाताखाली राबलेले आमचे माजी विद्यार्थी, ज्यांना आम्ही सारे 'दादा' म्हणतो, त्यांनाच प्रशिक्षक नेमावे, की परभणीहून कोणी अनुभवी गृहस्थ बोलवावेत? खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून माझेही मत मागण्यात आले. त्या निमित्ताने जे वाचले आणि जे सुचले ते येथे मांडतो.

उदाहरणासाठी फार लांब जावे लागले नाही. संजय बांगर हे आपल्या मराठवाड्याचे, जन्म बीडचा. खेळ क्रिकेटचा असला तरी प्रश्न आमचाच आहे. २००२ च्या हेडिंग्ले कसोटीत द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली या तिघांनी शतके ठोकली, ती सर्वांना पाठ आहेत. पण त्याआधी सलामीला येऊन बांगर यांनी दोनशेहून अधिक चेंडू खेळून ६८ धावा केल्या आणि द्रविडबरोबर १७० धावांची भागीदारी रचली, हे किती जणांना आठवते? सहायकाचे काम हे असे असते.

पुढे २०१४ साली पंजाबच्या आयपीएल संघात ते सहायक म्हणून आले आणि त्याच वर्षी मुख्य प्रशिक्षक झाले. त्या मोसमात संघ प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला आणि कोलकात्याकडून हरला. एवढ्यावर थांबलो असतो तर माझे मत सोपे होते. परंतु २०१५ साली तोच संघ, त्याच प्रशिक्षकाखाली, तळाला गेला. तेव्हा एका मोसमाच्या यशावरून बढती योग्य ठरत नाही आणि अपयशावरून चूकही ठरत नाही.

भारतीय संघात त्यांच्या वाट्याला निराळाच अनुभव आला. २०१६ च्या झिंबाब्वे दौऱ्यापुरते ते मुख्य प्रशिक्षक होते. एकदिवसीय मालिका ३-० अशी जिंकली, वीस षटकांची २-१ अशी. दौरा संपला, अनिल कुंबळे मुख्य प्रशिक्षक झाले आणि बांगर पुन्हा फलंदाजांकडे वळले. दौऱ्यापुरती खुर्ची दिली की माणूस सांभाळून वागतो. ज्याला उद्या पुन्हा सहायक व्हायचे आहे, तो आज बड्या खेळाडूला बाकावर कसा बसवील?

बास्केटबॉलमध्ये याच्या उलट घडलेले पाहावे. एरिक स्पोल्स्ट्रा १९९५ मध्ये मायामीच्या संघात सामन्यांच्या चित्रफिती लावण्याच्या कामावर लागले. पुढे सहायक झाले आणि २००८ मध्ये पॅट रायली यांनी त्यांना आपल्या जागी बसवले. (रायली स्वतःही १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघात सहायकाचे मुख्य झाले होते, हे ध्यानात घ्यावे.) २०११ चा अंतिम सामना मायामी हरले. तेव्हा स्पोल्स्ट्रांना काढा अशी ओरड झाली, पण रायलींनी माणूस बदलला नाही. २०१२ आणि २०१३ ची अजिंक्यपदे त्यानंतरची.

आता दादांविषयी. त्यांना प्रत्येकाचा गुडघा, प्रत्येकाची घरची अडचण ठाऊक आहे. बाहेरच्या माणसाला हे कळेपर्यंत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा संपून जाईल. उणीव एकच, पण मोठी: आजवर त्यांनी कोणाला संघातून वगळलेले नाही. ते काम सर करीत आणि रुसलेल्याची समजूत दादा काढीत. समितीतील एका प्राध्यापकांनी नेमके हेच विचारले, "ज्याला तुम्ही अरे-दादा म्हणता, त्याचा धाक वाटेल काय?" प्रश्न रास्त आहे. माझ्यापाशी त्याचे पुरते उत्तर नाही. मात्र वगळण्याचा अधिकार दिल्यावाचून ते कळणारही नाही.

म्हणून मी लेखी कळवले की दादांनाच नेमावे, पण पत्रात 'तात्पुरते' हा शब्द नसावा, मुदत दोन वर्षांची असावी आणि खेळाडूंची निवड सर्वस्वी त्यांच्याकडे असावी.

हे लिहिताना एक गोष्ट लपवणे बरे नाही. मी गार्डच्या जागी खेळतो आणि माझा डावा हात कच्चा आहे. गेल्या आठवड्यात दादांनी प्रथम वर्षाच्या एका मुलाला माझ्या जागी खेळवून पाहिले. तो चांगला खेळला. निवड दादांच्या हाती गेली तर पहिल्या पाचांत मी असेनच असे नाही.

अंक छापखान्यात जाईपर्यंत समितीचा निर्णय झालेला नाही. सराव पहाटे साडेपाचला चालू आहे.