गाद्या कुठं आहेत?

रेल्वेच्या डब्याची प्रतिकृती पैसे घेऊन करून देणार असाल, तर गिऱ्हाइकाला आतला रंग विचारूच नका. साल विचारा आणि लिहून घ्या. मी लिहून घेतलं होतं, तरी धारच्या एका सद्‌गृहस्थांनी मला हात दाखवलाच.

मागणी स्पष्ट होती. १९७० चा ब्रॉडगेज थर्ड क्लास थ्री टायर, पेरांबूरच्या बांधणीचा, १:८७ प्रमाणात, छत उचलता येईल असा. ‘बाहेरून कुणीही रंगवतं, मला आतून अस्सल हवा,’ हे वाक्य त्यांचं. मी देवासला बसून बर्थची एकेक पट्टी विनीरमधून कापली, पट्ट्यांमध्ये फट ठेवली, वर हलकं वॉर्निश दिलं आणि माणसं बसून जिथं लाकूड गुळगुळीत होतं तिथंच चकाकी आणली. पंख्यांच्या जाळ्या तारेच्या, साखळीचा दांडा लाल. बाहेर तपकिरी लाल रंग, त्यावर थर्ड क्लासच्या रोमन तीन रेघा.

खोका मांडीवर घेऊन इंदूरमार्गे बसनं धारला गेलो. चार पाहुणे बसलेले. गृहस्थांनी छत उचललं, आत पाहिलं आणि म्हणाले, “अहो, गाद्या कुठं आहेत? काम अर्धवटच आणलंत की!” पुतण्यानं लगेच मोबाइल पुढं केला. त्यात निळ्या रेक्झिनचे बर्थ.

मी सांगितलं, की थर्ड क्लास १९७४ मध्ये बंद झाला. साध्या थ्री टायरच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम आला तो मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, म्हणजे १९७७ नंतर. तुमच्या डब्यात गादी घातली तर बाहेरच्या तीन रेघा खोट्या ठरतात. तर म्हणे, “आम्ही प्रवास केलाय हो, आम्हाला नका शिकवू.” ज्यांच्या गावाला तेव्हा रूळसुद्धा नव्हता, गाडी गाठायला इंदूर नाहीतर रतलाम गाठावं लागे, ते मला बर्थ शिकवत होते!

पुतण्याचा फोटो दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा उमगलं. त्यांना हवा होता नव्वदीनंतरचा निळा डबा, पोरांना घेऊन प्रवास केलेला. ‘१९७०’ हे फक्त जुनं वाटावं म्हणून टाकलेलं होतं. तसं मोकळेपणानं बोलले असते तर तोही केला असता, वर फिकट निळा पट्टा ओढून. पण पाहुण्यांसमोर माघार घेतील तर ते कसले! उरलेले पैसे अडकले ते अडकलेच. पुढं कानावर आलं, की कुणाकडून तरी बर्थ निळे रंगवून घेतलेत. बाहेरच्या तीन रेघा तशाच आहेत.

तर या कामात पडणाऱ्यांनी एवढं करावं. आतला भाग चिकटवण्याआधी फोटो पाठवून लेखी होकार घ्या आणि निम्मे पैसे तेव्हाच हातात घ्या. ओळखीचा माणूस असेल तर जास्तच काटेकोर राहा.

आता रंगाचं. पाताळपाणी–कालाकुंड ही हेरिटेज गाडी २०१८ मध्ये सुरू झाली. तिचे डबे पाहून जुन्या ब्रॉडगेजचं आतलं रंगकाम करू नका. ते मीटरगेजचे आहेत आणि नव्यानं सजवलेले आहेत. देवासच्या फलाटावर उभ्या डब्याची मापं खुशाल घ्या, रंग मात्र आजचाच मिळेल. जुन्या रंगासाठी त्या सालातला फोटो शोधावा, आणि फोटोही पिवळे पडतात हे ध्यानात ठेवावं. आत दिवा लावणार असाल तर आधी दिवा लावा, मग रंग ठरवा. जुन्या डब्यांत पिवळसर बल्ब असत. पांढऱ्या एलईडीखाली वॉर्निश मेल्यासारखं दिसतं.

क्रमांक घालताना तर फारच जपा. निळ्या डब्यांवरच्या पाच अंकांपैकी पहिले दोन बांधणीचं साल सांगतात. पुढचे तीन २०१ ते ४०० मधले असतील तर तो स्लीपर, ४०१ ते ६०० मधले असतील तर साधा जनरल. लोक बिनदिक्कत स्लीपरवर जनरलचा क्रमांक चिकटवतात, शिवाय टोकाला जनरलचे पांढरे तिरपे पट्टेही ओढतात.

पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे, ते जरूर पाहावं. चांगली साधनं वापरावीत, घाई करू नये वगैरे सगळे सांगतातच. आणि गिऱ्हाइकाच्या घरी डबा द्यायला जाल, तर पाहुणे नसलेल्या दिवशी जा.