घडी घालताना काय मोडू नये

शाळेत आपण सारांशलेखन शिकवतो. उताऱ्यातले नेमके तेवढे ठेवायचे आणि बाकीचे सोडायचे. सोडलेले परत यावे अशी तेथे अपेक्षा नसते. संगणकावर फाइल ‘झिप’ करणे वरवर पाहता तसेच वाटते. पण तेथे आकार कमी झाला तरी उलगडल्यावर मूळ मजकूर काना-मात्रेसह जसाच्या तसा मिळावा लागतो. हा फरक मी वाचला होता. तो खरा उमगला, तो मराठी मजकुरासाठी असे एक छोटे साधन स्वतः लिहिताना दोनदा चुकल्यावर.

साधन पायथनमध्ये लिहिले आणि त्याला ‘घडी’ हे नाव दिले. त्याला बटणे नाहीत. टर्मिनलमध्ये आज्ञा टंकायची. ‘घडी घाल कथा’ म्हटले की ‘कथा’ नावाची फाइल आवळली जाते, ‘घडी उलगड कथा’ म्हटले की पूर्ववत होते.

त्यामागची पद्धत डेव्हिड हफमन यांची. एमआयटीत शिकत असताना प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला परीक्षा किंवा निबंध असा पर्याय दिला. हफमन यांनी निबंध निवडला आणि त्यातून निघालेली ही पद्धत १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. तत्त्व साधे आहे : वारंवार येणाऱ्याला आखूड संकेत द्यावा, क्वचित येणाऱ्याला लांब.

पण वारंवार येणारे म्हणजे काय? मोजायचे कशाला? पहिल्या आवृत्तीत मी बाइट मोजले. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना आणि हलन्तही. म्हणून ‘क्ष’ नऊ बाइटांचा होतो. या तिन्हींतला पहिला बाइट सर्व देवनागरी चिन्हांना एकच असतो आणि दुसरा दोहोंपैकी एक. हफमन संकेत एका बिटाहून लहान होऊ शकत नाही; म्हणजे जवळजवळ काहीच न सांगणाऱ्या या दोन बाइटांवर प्रत्येक चिन्हामागे निदान दोन बिट खर्च होत होते. म्हणून बाइट सोडून मी चिन्हे मोजू लागलो.

‘मामा कामाला’ हे दोन शब्द घेऊ. यात काना ५ वेळा, म ३ वेळा आणि क, ल व मोकळी जागा प्रत्येकी एकदा. एकूण ११ चिन्हे. मूळ फाइलमध्ये ती ३१ बाइट, म्हणजे २४८ बिट घेतात. आता सर्वांत कमी वेळा येणारी दोन चिन्हे एकत्र बांधायची, त्यांच्या बेरजेला एक चिन्ह मानायचे आणि सगळे एका झाडात येईपर्यंत हेच करत राहायचे. बेरजा होतात २, ३, ६ आणि ११. झाडावरून संकेत मिळतात : काना ०, म १०, क ११०, ल १११० आणि मोकळी जागा ११११. कोणताही संकेत दुसऱ्याची सुरुवात नाही, म्हणून मध्ये स्वल्पविराम लागत नाही. एकूण २२ बिट. अर्थात संकेतांचा तक्ताही फाइलमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे दोन शब्दांत फायदा नाही. मजकूर मोठा असला की तक्त्याचा भार जाणवत नाही.

पहिली चूक येथेच झाली. फाइल आठ-आठ बिटांच्या बाइटांनी भरते. २२ बिटांना तीन बाइट लागतात, म्हणून शेवटी दोन शून्ये भरली. उलगडताना साधनाने ती शून्ये काने म्हणून वाचली आणि शेवटच्या ‘ला’ला आणखी दोन काने लागले! उपाय सोपा होता : एकूण चिन्हे किती, हा आकडा आरंभीच लिहून ठेवणे.

दुसरी चूक शहाणपणाच्या भरात केली. अनेकांनी टंकलेल्या मजकुरात मला एक न दिसणारे जोडचिन्ह आढळले. तेही तीन बाइटांचे. कचरा समजून घडी घालण्यापूर्वी मी ते काढून टाकले. आकार घटला आणि मी खूश झालो. उलगडलेला मजकूर वाचताना मात्र ‘आचाऱ्यांनी वाढले’ या ठिकाणी ‘आचार्यांनी वाढले’ दिसले आणि सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ झाल्या. ‘ऱ्य’ टंकण्याच्या एका रीतीत र, हलन्त, तेच अदृश्य चिन्ह आणि मग य असा क्रम असतो. चिन्ह गेले की रफार उरतो. ज्याला मी कचरा म्हटले, त्यावर स्वयंपाकी आणि गुरू यांतला भेद उभा होता.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो : साधनाने पुनरुक्ती आवळावी, भेद पुसू नये. काय अनावश्यक आहे हे ठरवणे संपादकाचे काम आहे, घडी घालणाऱ्याचे नाही.

तयार साधन वापरणाऱ्यांनीही एवढे करावे. ‘जीझिप’ फाइल आवळल्यावर मूळ फाइल काढून टाकते. ती राहावी म्हणून ‘के’ हा पर्याय द्यावा. मग आवळलेली फाइल वेगळ्या नावाने उलगडून ‘सीएमपी’ या आज्ञेने मूळ फाइलशी ताडून पाहावी. दोन्ही तंतोतंत सारख्या असतील तर ती आज्ञा काहीच बोलत नाही. जुने हस्तलिखित टंकून जपणाऱ्याने ते मौन ऐकल्याशिवाय मूळ फाइलला हात लावू नये.